वर्षभराच्या गेम्सचा आढावा : चि. सईस पत्र

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

वर्षभरात खेळलेल्या गेम्सचा आढावा लिहायचा तुझा बेत मला मनापासून आवडला. लिहीच तो. फक्त वर्षअखेरीला कंपन्या जे रंगीत कार्ड हातात देतात, तिथून सुरुवात करू नकोस. त्या कार्डावर तास असतात, क्रमवारी असते, चार कौतुकाचे शब्द असतात. तुझं वर्ष कसं गेलं ते मात्र त्यात नसतं. ते शोधायचं तर प्रत्येक गेमपाशी दोनच प्रश्न घेऊन जायचं. कुठे थांबलीस? आणि का थांबलीस? बाकीचं बरंचसं त्यातूनच निघतं. कसं काढायचं ते सविस्तर लिहिते, म्हणजे पत्र शेजारी ठेवून काम करता येईल.

आधी तासांचं बोलू, कारण त्या आकड्यावर पटकन विश्वास बसतो. स्टीम (पीसीवरचे गेम घेण्याचं ऑनलाइन दुकान) मोजतं तो गेम उघडा असल्याचा वेळ. तू मेनूवर थांबलीस, पॉज करून जेवायला उठलीस, गेम मागे तसाच ठेवून अभ्यासाला बसलीस, तरी घड्याळ चालूच. उलट स्टीमच्या वार्षिक कार्डात ऑफलाइन खेळलेला वेळ धरला जात नाही, आणि कार्ड डिसेंबर संपायच्या आतच तयार होत असल्यामुळे शेवटचे दिवसही त्यातून सुटतात. निन्टेंडोच्या स्विच कन्सोलवर तर ‘६५ तास किंवा अधिक’ असा पाच-पाच तासांच्या पायऱ्यांनी वाढणारा मोघम आकडा दिसतो. म्हणजे तीन ठिकाणचे आकडे एकाखाली एक मांडून बेरीज केलीस, तर ती बेरीज कशाचीच नसेल.

तरी तासांचा एक चांगला उपयोग आहे. गेमच्या आतल्या घड्याळाशी ते ताडून बघायचे. तुझ्या लाडक्या ‘स्टार्ड्यू व्हॅली’ या शेतीच्या गेमचंच उदाहरण घेऊ. तिथला दिवस सकाळी ६ ला सुरू होतो आणि रात्री २ ला संपतो. तिथली दहा मिनिटं म्हणजे आपले साधारण ७ सेकंद. २० तासांत दहा-दहा मिनिटांचे १२० टप्पे, म्हणजे ८४० सेकंद, म्हणजेच एक दिवस १४ मिनिटांचा. २८ दिवसांचा एक ऋतू, चार ऋतूंचं वर्ष, ११२ दिवस. म्हणजे शेतावरचं अख्खं वर्ष आपल्या २६ तासांत बसतं. आता समज, तुझं शेत दुसऱ्या वर्षाच्या शरदातल्या १२ तारखेवर आहे. झालेले दिवस १८०. गुणिले १४ मिनिटं, बरोबर ४२ तास. लवकर झोपलीस त्या दिवशी वेळ आणखी कमी लागला असणार, म्हणून ४२ हा वरचा आकडा धर. आणि स्टीम दाखवतंय ९०.

उरलेले ४८ तास गेले कुठे? एकट्याने खेळताना मेनू, पेटी किंवा दुकान उघडलं की तिथलं घड्याळ थांबतं. संवाद आणि जत्रा चालू असतानाही थांबतं. शिवाय हा गेम झोपल्यावरच सेव्ह होतो, त्यामुळे दिवस बिघडला म्हणून मध्येच बाहेर पडून तोच दिवस पुन्हा खेळलीस, तर तो स्टीमकडे दोनदा मोजला जातो आणि शेतावर एकदाच. आता नीट आठव. पेट्या लावण्यात आणि पुढच्या ऋतूच्या पेरणीचा आराखडा करण्यात वेळ गेला असेल, तर तुला शेतीपेक्षा नियोजन जास्त आवडतं आणि पुढच्या वर्षी कारखाने उभारायचे गेम तुला नक्की भावतील. दिवस पुन्हा पुन्हा खेळली असशील, तर चूक राहू द्यायला तुला जड जातं, आणि हे आढाव्यात लिहिण्याजोगं आहे. गेम नुसता उघडा राहिला असेल, तर ते तास सरळ वजा कर. (मित्रांबरोबर एकत्र खेळलेल्या शेतावर हा हिशेब चालणार नाही, तिथे मेनू उघडला तरी वेळ पुढे सरकतच राहतो.)

आता तारखा गोळा करायच्या. आठवणीवर विसंबू नकोस; जानेवारीतला गेम आपल्याला मागच्या वर्षीचा वाटतो आणि ऑक्टोबरातला उगाच मोठा वाटतो. स्टीमवर प्रत्येक अचीव्हमेंटखाली (गेममधला टप्पा गाठल्याच्या बक्षिसाखाली) ती मिळाल्याची तारीख आणि वेळ असते, प्लेस्टेशनच्या ट्रॉफीखाली असते, एक्सबॉक्सवरही असते. पहिली आणि शेवटची अचीव्हमेंट बघितलीस की गेमची सुरुवात आणि शेवट मिळाला. मध्ये दोन महिने काहीच नसेल तर तीच तुझी मोठी सुट्टी. स्विचमध्ये अशी सोय नाही, पण तिथले स्क्रीनशॉट कामाला येतात. फाइलच्या नावाची सुरुवातच वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट अशा सलग आकड्यांनी होते. स्टीमच्या स्क्रीनशॉटचंही तसंच. सेव्ह फाइलवरून तारीख काढायची असेल तर विंडोजमध्ये ‘मॉडिफाइड’चा रकाना बघ, ‘क्रिएटेड’चा नको. फाइल दुसरीकडे कॉपी केली की ‘क्रिएटेड’मध्ये कॉपी केल्याची तारीख येते, ‘मॉडिफाइड’ मात्र जुनीच राहते.

हे सगळं एका साध्या तक्त्यात उतरव. गेमचं नाव, सुरुवात, शेवटचा दिवस, आणि चौथ्या रकान्यात यापैकी एकच शब्द : संपवला, सोडला, चालू, न उघडलेला. ‘चालू’ म्हणजे ज्याला शेवटच नाही असे, ऑनलाइन सामन्यांचे वगैरे. न उघडलेल्यांवर शाई खर्च करू नकोस. सवलतीत घेतलेले असतात, पडून राहतात. संपवलेल्यांवर लिहिणं सोपं आहे, ते तू लिहिशीलच. खरा ऐवज ‘सोडला’ या शब्दासमोर आहे. तिथे थोडं रेंगाळ.

गेम सुटायची कारणं फार नसतात, पण ती एकमेकांच्या वेषात येतात. ‘कंटाळा आला’ असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेकदा खाली दुसरंच काही असतं. सगळ्यात जास्त आढळणारं कारण म्हणजे धागा तुटणं. परीक्षेमुळे किंवा प्रवासामुळे तीन आठवडे गेले, परत आल्यावर कोणतं बटण कशाचं ते आठवेना, नकाशावर पंचवीस खुणा, यादीत अर्धवट कामं, आणि सेव्ह नेमका अवघड जागेच्या तोंडाशी. दहा मिनिटांत दोनदा मेलीस, बंद केलास, आणि मनात नोंद झाली ‘कंटाळवाणा’. गेम तसा नसतो. सेव्हची आधी एक प्रत काढ, मग पुढे न जाता मागे जा. ओळखीचा, सोपा भाग शोध; वीसेक मिनिटं नुसतं चालणं, उडी, वार, चुकवणं करत राहा. मुख्य कथा बाजूला ठेवून एखादं छोटं काम पूर्ण कर. हात डोक्याच्या आधी आठवतात. आणि पुढच्या वर्षासाठी एवढं करच : लांबची सुट्टी पडणार असं वाटलं की बंद करण्याआधी तीन ओळी लिहून ठेव. मी कुठे आहे, पुढे काय करणार होते, आणि सारखी लागणारी तीन-चार बटणं कोणती.

दुसरं कारण म्हणजे भिंत. एखाद्या बॉसपाशी (मोठ्या, अवघड शत्रूपाशी) डोकं आपटून सोडलेला गेम. इथे ‘अवघड होता’ एवढंच लिहून मोकळी होऊ नकोस, भिंत कशाची होती ते तपास. ‘एल्डन रिंग’मधला मार्गिट बऱ्याच जणांना अडवतो, तो बघू. हा काठी वर उचलतो आणि तिथेच धरून ठेवतो. आपण हात हलला की लोळण घ्यायला शिकलेलो असतो. ती लोळण संपते आणि नेमका त्याच क्षणी वार येतो. म्हणजे तू संथ नाहीस, घाई करतेयस. यावर उपाय एकच : उचललेल्या काठीकडे बघून काही करायचं नाही, ती खाली यायला लागली की मग बटण दाबायचं. पहिले चार-पाच डाव एकही वार न करता फक्त चुकवण्यात घालव. हे खेळणं वाया जात नाही, उलट सगळ्यात लवकर शिकवतं.

पण प्रत्येक भिंत हाताची नसते. त्याच गेममध्ये अंगावरचं वजन क्षमतेच्या ७० टक्क्यांपर्यंत पोचलं की लोळण जड होते आणि सावरायला वेळ लागतो. ३० टक्क्यांच्या खाली ठेवलं तर सगळ्यात हलकी. व्हिगर (पात्राचा जीव वाढवणारा गुण) कमी ठेवून सगळे गुण हत्यारावर उधळले असतील, तर दोन फटक्यांत खेळ आटोपणारच. व्हिगर ४० पर्यंत न्यायला मागेपुढे बघू नये. ४० नंतर प्रत्येक गुणामागे मिळणारी भर कमी होते आणि ६० नंतर फारच थोडी उरते. हत्याराची पातळीही बघ. साधी हत्यारं +२५ पर्यंत वाढतात आणि खास दगड वापरून वाढवायची हत्यारं +१० पर्यंत, त्यामुळे दोघांवरचे आकडे सरळ एकमेकांशी ताडून बघू नकोस. आता तपासणी : जुना सेव्ह उघड, लागोपाठ दहा डाव खेळ, आणि प्रत्येक वेळी कोणत्या वाराने मेलीस तेवढंच लिही. दहापैकी सहा-सात वेळा तोच वार असेल तर ते शिकता येण्यासारखं आहे, आज ना उद्या जमेल. दर वेळी वेगळाच वार आणि दर वेळी दोन फटक्यांत शेवट, तर अंगावरचं सामान बदल. आणि दहा डावांनंतर अकरावा खेळावासाच वाटला नाही, तर गेम सोडलास ते योग्यच केलंस. तेही तसंच लिही. सोडणं हा पराभव नव्हे, आणि तू तसं मानावंस असं मला मुळीच वाटत नाही.

भिंत कधी कधी आपण धरलेल्या पद्धतीतच असते. एनईएस या निन्टेंडोच्या जुन्या कन्सोलवरचा ‘टेट्रिस’ १९८९ चा. लेव्हल २९ ला तुकडे इतके वेगाने पडतात की बाणाचं बटण दाबून धरलं तर ते कडेपर्यंत पोचत नाहीत, म्हणून तिथे गेम संपतो असंच कित्येक वर्षं मानलं जाई. मग खेळाडूंनी बटण दाबून धरणं सोडून भराभर टिचवायला सुरुवात केली. पुढे त्याहून नामी युक्ती निघाली. अंगठा बटणावर नुसता टेकवायचा आणि कंट्रोलरच्या पाठीवर एकामागून एक बोटं वाजवायची. डिसेंबर २०२३ मध्ये १३ वर्षांच्या एका मुलाने याच पद्धतीने १५७ वी लेव्हल गाठली आणि तिथे तो गेमच गोठला. हे होईपर्यंत चौतीस वर्षं गेली. तुझ्या तक्त्यातल्या सोडलेल्या गेम्समध्ये एखादी ‘लेव्हल २९’ आहे का, बघ.

यानंतर हात आणि यंत्र वेगळं करायचं. हरल्यावर यंत्राला दोष देणं सोपं, पण कधी कधी दोष खरंच यंत्राचा असतो, आणि तो न तपासता स्वतःला नावं ठेवणं मला त्याहून वाईट वाटतं. ‘स्ट्रीट फायटर ६’ हा मारामारीचा गेम घे. गेम सेकंदाला ६० फ्रेमने (पडद्यावरच्या चित्रांनी) चालतो, म्हणजे एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची. ड्राइव्ह इम्पॅक्ट हा वार सुरू झाल्यापासून लागायला २६ फ्रेम, सुमारे ४३३ मिलिसेकंद. डोळ्याने बघून बोट हलायला माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात, म्हणजे १२ ते १५ फ्रेम. अकराएक फ्रेम हातात उरतात. उत्तरादाखल आपलाही ड्राइव्ह इम्पॅक्ट मारायला त्या पुरतात. पण टीव्हीचा गेम मोड बंद असेल, तर चित्र सजवण्याच्या नादात काही टीव्ही १०० मिलिसेकंदांच्या घरात उशीर करतात. सहा फ्रेम तिथेच गेल्या. उरल्या पाच. सामन्यात, दुसऱ्या गोष्टीकडे लक्ष असताना, पाच फ्रेममध्ये कुणालाही हे जमणं कठीण. म्हणून वर्षभर ‘माझ्या प्रतिक्रिया मंद आहेत’ असं म्हणत आली असशील, तर आधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड चालू कर, आणि तो त्याच एचडीएमआय खाचेसाठी चालू आहे ना ते बघ. बऱ्याच टीव्हींवर प्रत्येक खाचेची सेटिंग वेगळी असते. मग ट्रेनिंग मोडमध्ये डमीला तोच वार अधूनमधून मारायला लावून पुन्हा करून बघ.

कंट्रोलरवरच्या स्टिकचंही (अंगठ्याने फिरवायच्या दांडीचंही) असंच. पात्र आपोआप सरकतं किंवा कॅमेरा हळूच वर जातो, याला ड्रिफ्ट म्हणतात. साध्या स्टिकच्या आत पोटेन्शिओमीटर असतो. कार्बनच्या पट्टीवरून धातूची टोकं घासत राहतात, पट्टी झिजते, आणि स्टिक मोकळी असूनही ‘मधोमध’चा संकेत बदलतो. विंडोजवर ‘रन’मध्ये जॉय डॉट सीपीएल लिहिलंस की चाचणीची खिडकी उघडते. स्विचवर सिस्टिम सेटिंग्जमध्ये कंट्रोलर्स अँड सेन्सर्सखाली स्टिक कॅलिब्रेट करायची सोय आहे. स्टिक एका बाजूला पूर्ण ढकलून एकदम सोड, चारही दिशांना कर, आणि खूण दर वेळी मध्ये येते का बघ. किंचित बाजूला थांबत असेल तर कॅलिब्रेट कर. तरी राहिलं तर गेममधला डेडझोन (स्टिकच्या ज्या बारीक हालचालीकडे गेम दुर्लक्ष करतो तो भाग) ५ वरून १०, फार तर १५ टक्क्यांवर ने. त्यापुढे नेलास तर हळू चालणं आणि बारीक नेम दोन्ही जातात. नवा कंट्रोलर घ्यायची वेळ आलीच तर हॉल इफेक्ट किंवा टीएमआर स्टिकचा बघ. त्यात चुंबकाने जागा मोजली जाते, घासणारी पट्टीच नसते. मधली स्प्रिंग मात्र त्यातही सैल होऊ शकते.

ऑनलाइन गेममध्ये पिंग (संकेताला सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) किती आहे यापेक्षा त्याचा चढउतार बघ. कायम ६० मिलिसेकंद असेल तर हात जुळवून घेतो. २० वरून १४० वर उड्या मारत असेल तर कुणाचंच जुळत नाही. वायफाय सोडून केबल लावली की बहुतेक वेळा हे थांबतं. पीसीवर नवा गेम पहिल्या तासात जागोजागी अडखळत असेल, तर शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होत असतात. सुरुवातीला तशी पट्टी दिसली तर ती पूर्ण होऊ दे, मगच सुरू कर.

रँकचं एका ओळीत आटप. आज वर, उद्या खाली, त्यात नशीब आणि समोरचा खेळाडू दोन्ही येतात. त्याऐवजी मार्चमधला एक आणि नोव्हेंबरमधला एक, असे हरलेले दोन सामने रीप्लेमध्ये शेजारी लाव आणि दोन्हीत पहिला मार कशाने बसला तिथे थांबव. मार्चमध्ये दर वेळी उडी मारून मार खात होतीस आणि नोव्हेंबरमध्ये आता पकडीने खातेयस, तर तू वर आली आहेस, रँक काहीही म्हणो.

पैशाचा रकानाही ठेव, आणि तो मोकळेपणाने लिही. स्टीमवर खात्याच्या पानावर खरेदीचा पूर्ण इतिहास असतो. बाकी ठिकाणीही असतो. ‘तासाला किती पडला’ हे माप मात्र काढू नकोस. त्या मापाने चार तासांचा सुंदर गेम महाग ठरतो आणि रोज हजेरी लावायला लावणारा कंटाळवाणा गेम स्वस्त. स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांत आणि २ तासांहून कमी खेळलेला असेल तर पैसे परत मागता येतात. शेडर आणि मेनूचा वेळही त्या दोन तासांत जातो हे लक्षात ठेव आणि नव्या गेमचे पहिले दोन तास जागेपणी खेळ.

गाचा गेम्सबद्दल (सोडतीसारखं नशिबाने पात्रं मिळवायच्या गेम्सबद्दल) जरा जास्त लिहिते, कारण तिथलं गणित डोळ्यांना दिसत नाही. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’मध्ये पाच ताऱ्यांचं पात्र मिळायची मूळ शक्यता एका विशला (एका सोडतीला) ०.६ टक्के, आणि ९० व्या विशला खात्री. मूळ शक्यतेने धरलं तर ७० विश करूनही हाती काहीच न लागण्याची शक्यता ०.९९४ चा ७० वा घात, म्हणजे जवळपास ६६ टक्के. तीनातल्या दोघांना काही मिळत नाही. ‘माझंच नशीब वाईट’ असं त्यात काही नाही. शिवाय पहिल्यांदा मिळालेलं पात्र जाहिरातीतलंच असेल अशी खात्री नसते, ती दुसऱ्यांदाच असते. म्हणजे हवं ते पात्र नक्की हवं असेल तर १८० विश धरून चालायचं, आणि एका विशला १६० प्रिमोजेम्स (गेममधलं चलन), एकूण २८,८००. तेवढी साठवण असेल तरच हात घालायचा, नाहीतर ते पात्र आपलं नाही असं समजायचं. वर्षभरात ‘आणखी दहाच’ असं किती वेळा झालं, ते खरेदीच्या तारखांवरून दिसेल.

तब्येतीचं लिहिल्याशिवाय मला राहवणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या यादीत गेमिंग डिसऑर्डर आहे. ही यादी जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यात तासांची मर्यादा दिलेली नाही. खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्याआधी गेम येणं, आणि नुकसान होत असूनही खेळत राहणं किंवा ते वाढवणं, ही तीन लक्षणं, त्यांनी रोजच्या जगण्यावर ठळक परिणाम होणं, आणि साधारण १२ महिने टिकणं, असं बघितलं जातं. म्हणून वर्षाचा तक्ता समोर असताना हे तीन प्रश्न स्वतःला विचारायला ही वेळ चांगली. उत्तर अवघड वाटलं तर ते आढाव्यात लिहायची गरज नाही. मला सांग, आपण मिळून बघू. हेडफोनचा आवाजही तपास. मुलांसाठी आठवड्याला ४० तास ऐकायचं तर ७५ डेसिबल, ही त्याच संघटनेने सुचवलेली मर्यादा. आणि दर वीस मिनिटांनी वीसेक फुटांवरच्या कशाकडे तरी वीस सेकंद बघ. डोळ्यांना बरं वाटतं.

आढावा लिहिण्याआधी सेव्ह जपून ठेव. हे शेवटी लिहितेय, पण करायचं मात्र सगळ्यात आधी. स्विचचा सेव्ह कन्सोलच्या आतल्या मेमरीत असतो, कार्ट्रिजवर किंवा मायक्रोएसडीवर नसतो. कन्सोल गेला की तोही गेला, ऑनलाइन सदस्यत्वातून क्लाउडवर ठेवला नसेल तर. काही गेम्सना क्लाउडची सोय नाहीच. पीएस५ च्या गेम्सचे सेव्ह यूएसबीवर कॉपी होत नाहीत, त्यांना पीएस प्लस सदस्यत्वाचा क्लाउडच. पीसीवर जागा शोधावी लागते : कधी डॉक्युमेंट्समध्ये ‘माय गेम्स’, कधी ‘सेव्ह्ड गेम्स’, कधी ॲपडेटाच्या लोकल, लोकललो किंवा रोमिंगमध्ये. तुझं शेत रोमिंगमधल्या ‘स्टार्ड्यूव्हॅली’च्या ‘सेव्ह्ज’मध्ये आहे, माइनक्राफ्टची जगं डॉट माइनक्राफ्टच्या ‘सेव्ह्ज’मध्ये. गेम पूर्ण बंद करून मगच कॉपी कर. चालू असताना केलेली प्रत अर्धवट लिहिलेली निघू शकते. पीसीवर क्लाउडला बॅकअप समजू नकोस. इथे पुसलेलं तिथेही पुसलं जाऊ शकतं. आणि दोन मशीनवर खेळून ‘कोणता सेव्ह ठेवू?’ असा प्रश्न पडद्यावर आला, तर तिथे घाईने बटण दाबू नकोस. आधी फोल्डर दुसरीकडे कॉपी कर, दोन्हींच्या तारखा आणि वेळ बघ, मग निवड.

काही गेम्सचा सेव्ह आपल्या हातात येतच नाही, कारण ते सर्व्हरवर जगतात. ‘द क्रू’ या रेसिंग गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले आणि विकत घेतलेल्यांनाही तो खेळता येईना. निन्टेंडोच्या थ्रीडीएस आणि वी यू या कन्सोलचं ऑनलाइन खेळणं त्याच वर्षी एप्रिलमध्ये थांबलं. म्हणून तक्त्यात आणखी एक छोटा रकाना : इंटरनेट तोडलं तर चालतो का? एकदा खरंच तोडून बघ. जे चालत नाहीत त्यांच्यातलं तुझं घर, तुझा संघ, तू आणि तुझ्या मैत्रिणींनी मिळून बांधलेलं जे काही असेल, त्याचे स्क्रीनशॉट आणि छोटे व्हिडिओ आत्ताच घेऊन ठेव. पुढच्या वर्षी ते घ्यायला जागा असेलच असं नाही.

मग लिहायला बस. गुण देऊ नकोस, दहापैकी साडेसात याने तुलाही पुढे काही आठवणार नाही. प्रत्येक गेमच्या पाच-सहा ओळी पुरेत, पण त्यात एक तरी जागा नेमकी हवी : कोणती खोली, कोणता वार, कोणतं कोडं, कोणत्या वळणावर तू खुर्चीतून पुढे सरकलीस. ‘ग्राफिक्स छान आहेत’ असं लिहावंसं वाटलं तर पेन थांबव आणि काय छान दिसलं ते लिही. आणि ‘सोडला’ लिहिलेल्या गेम्सपैकी एकाला तरी पूर्ण पान दे.

सेव्हच्या प्रती काढून झाल्या की मला कळव. मग तक्ता पाठव, ‘का थांबलीस’चा रकाना भरून. मार्गिटपाशी दहा डावांची नोंद केलीस तर तीही जोड; कोणत्या वाराने मेलीस ते बघून पुढचं सांगते.

तुझी,
आई